सॅटिनचे सरखेल : कान्होजी आंग्रे यांना चाच्याचा पोशाख कोणी चढवला?

१/
फेब्रुवारी जवळ आला की मराठवाड्यातील गावोगावी भाड्याच्या ऐतिहासिक पोशाखांची मागणी वाढते. अंबाजोगाईही त्याला अपवाद नाही. शिवजयंतीची मिरवणूक, शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, वेशभूषा स्पर्धा, सजीव देखावे या साऱ्यांत आता मराठा आरमारालाही जागा मिळू लागली आहे. ही गोष्ट स्वागतार्हच होय. मात्र त्या देखाव्यात कान्होजी आंग्रे यांच्या अंगावर जे चढवले जाते, ते पाहून इतिहासाच्या विद्यार्थ्याने गप्प बसणे योग्य नाही.

२/
चकचकीत सॅटिनचा अंगरखा, मागे चिकटपट्टी लावलेला मखमली टोप, प्लास्टिकचे मोती, सोनेरी कागदाची तलवार. आणि ‘दर्याचा राजा’ अधिक ठसठशीत दिसावा म्हणून कधी कवटी-हाडांचा काळा झेंडा, तर कधी एका डोळ्यावर काळी पट्टी. खाली अभिमानाने मजकूर लिहिलेला असतो : ‘भारताचा पहिला पायरेट’. हेतू गौरवाचा असतो. परंतु ज्या शब्दाने गौरव केला जातो, तो शब्द शत्रूच्या दप्तरातून आलेला आहे.

३/
या थ्रेडचे म्हणणे एका वाक्यात असे : पोशाख हे नुसते सजावटीचे साधन नसून तो एक ऐतिहासिक विधान असतो, आणि कान्होजींना चाच्याचा वेश चढवणे म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा निकाल स्वतःच्या हाताने शिवून स्वतःच्याच माणसाच्या अंगावर घालणे होय. हा निकाल कसा लागला, तो पोशाख कुठून आला आणि खरा पोशाख कुठे शोधावा, हे क्रमाने पाहू.

४/
प्रथम शब्द. कान्होजी आंग्रे हे मराठा आरमाराचे सरखेल होते. बाळाजी विश्वनाथ यांच्या मध्यस्थीने ते छत्रपती शाहूंच्या पक्षाला मिळाले आणि सरखेल हे पद त्यांच्याकडे कायम झाले. कुलाबा, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग यांसारखे किल्ले त्यांच्या ताब्यात होते, मुलखाचा वसूल होता, आरमाराची शिस्त होती. ४ जुलै १७२९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी आजही अलिबागेत आहे. किल्ले, महसूल, पद आणि स्वामी असलेल्या माणसाला चाचा म्हणत नाहीत.

५/
मग इंग्रज का म्हणत? कारण दस्तक. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजांनी आंग्र्यांचा परवाना घ्यावा, न घेतल्यास जहाज जप्त होईल, असा कान्होजींचा दंडक होता. यात नवे काहीच नव्हते. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून हेच ‘कार्ताझ’ नावाने करत आले होते आणि इंग्रजही स्वतःचे परवाने देतच होते. पोर्तुगिजांनी अडवले तर ते सार्वभौमत्व, इंग्रजांनी अडवले तर तो बंदोबस्त, आणि आंग्र्यांनी अडवले तर ती चाचेगिरी! फरक कृतीत नव्हता, करणाऱ्यात होता.

६/
१७१२ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एस्लाबी याची सशस्त्र नौका आंग्र्यांच्या आरमाराने पकडली. पुढे १७१३ मध्ये काय घडले? मुंबईच्या इंग्रजांनी याच ‘चाच्या’शी तह केला. त्या काळच्या युरोपीय कायद्यात चाचा म्हणजे अखिल मानवजातीचा शत्रू. त्याच्याशी तह होत नसतो, त्याला फासावर चढवतात. ज्याच्याशी तह करावा लागतो ती सत्ता असते. कंपनीची लेखणी एक सांगत होती आणि तिचीच मोहोर दुसरे.

७/
तह मोडल्यावर १७१७ ते १७२१ या काळात विजयदुर्ग, खांदेरी, पुन्हा विजयदुर्ग आणि अखेर पोर्तुगिजांच्या साथीने कुलाबा अशा मोहिमा इंग्रजांनी काढल्या. त्या फसल्या. किल्ला हाती आला नाही की शब्द वापरता येतो. १७३७ मध्ये लंडनला क्लेमेंट डाउनिंग याचे पुस्तक निघाले. त्याच्या शीर्षकातच ‘चाचा आंग्रिया’ विराजमान आहे. पराभवाचे समर्थन करण्याची ही जुनी रीत आहे : हरवणारा सेनानी नव्हताच, दरोडेखोर होता.

८/
येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. चाचा आणि परवानाधारक लढवय्या यांतील सीमारेषा त्या काळी धूसर होती. विल्यम किड इंग्लंडच्या राजाची सनद घेऊन निघाला आणि १७०१ मध्ये लंडनला चाचा म्हणून फासावर गेला. ज्याचे जहाज लुटले गेले त्या व्यापाऱ्याला आणि कैदेत पडलेल्या खलाशाला कायद्याची ही बारीक वीण काय कामाची? हे खरे आहे. आंग्र्यांच्या दस्तकाने अनेकांचे नुकसान झाले आणि ते झाकण्याचे कारण नाही.

९/
परंतु धूसर सीमारेषेचा फायदा एकाच बाजूला का? १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचे ‘गंज-इ-सवाई’ हे जहाज लुटले. मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंवर अनन्वित अत्याचार झाले. एव्हरीकडे ना किल्ला होता, ना मुलूख, ना स्वामी. तो चाचा होता, निर्विवाद. कान्होजींना त्याच्या पंक्तीला बसवायचे असेल तर आधी पुरावा हवा; काळा झेंडा हा पुरावा नव्हे.

१०/
आता तो झेंडा, ती पट्टी, तो डोक्याचा रुमाल यांच्याकडे वळू. कवटीचे झेंडे अटलांटिकमधील काही चाच्यांनी वापरले हे खरे. पण आज ‘पायरेट’ म्हटल्यावर जे संपूर्ण चित्र डोळ्यांपुढे येते, ते बव्हंशी एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील आहे. ‘ट्रेझर आयलंड’ १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आले. हॉवर्ड पाइल (१८५३–१९११) या अमेरिकी चित्रकाराने चाच्यांच्या डोक्याला रुमाल आणि कमरेला रुंद पट्टा देऊन अत्यंत परिणामकारक चित्रे काढली. हॉलिवूडने ती चित्रे उचलली. डोळ्यावरची पट्टी ही चाच्यांची ठरावीक खूण होती, याला समकालीन आधार नाही.

११/
म्हणजे अंबाजोगाईच्या मंचावर उभा असलेला सॅटिनचा कान्होजी दोन कल्पनांचा संकर आहे : अर्धा मराठी चित्रपटातील सरदार आणि अर्धा अमेरिकी चित्रकाराचा चाचा. अठराव्या शतकातील कुलाब्याचा माणूस त्यात कुठेच नाही.

१२/
गंमत अशी की पाश्चात्त्य चाच्याच्या त्या ‘नमुनेदार’ पोशाखाची शब्दावलीच भारताकडे बोट दाखवते. ‘बंडाना’ हा शब्द बांधणीच्या रंगकामातून आला. ‘कॅलिको’ म्हणजे कालिकतचे कापड. १७२० मध्ये जमैकात फाशी गेलेल्या जॉन रॅकमला ‘कॅलिको जॅक’ हे टोपणनाव त्याच्या सुती कपड्यांवरूनच पडले असे मानले जाते. ‘डंगरी’ म्हणजे मुंबईच्या डोंगरीचे जाडेभरडे कापड. ‘कमरबंद’ तर जसाच्या तसा इंग्रजीत गेला.

१३/
किडने १६९८ च्या आरंभी मलबार किनाऱ्याजवळ जे मोठे जहाज पकडले, त्याच्या मालात मलमल, रेशीम आणि सुती कापड होते. चाच्यांची लूट म्हणजे केवळ सोन्याच्या मोहरा नव्हेत. ती बऱ्याचदा कापडाचे गठ्ठे असे. या सुती कापडाची धास्ती एवढी की इंग्लंडने १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून त्यावर निर्बंध घातले. ज्या देशाच्या कापडाने जगभरचे खलाशी नटले, त्या देशातील मुलांनी आपल्याच आरमाराच्या देखाव्यासाठी पॉलिस्टर शोधत फिरावे, यापेक्षा मोठा विनोद कोणता? पॉलिस्टरचा धागा १९४१ सालचा आहे.

१४/
यावर नेहमीचे उत्तर ठरलेले असते : ‘अस्सल वस्तू मिळत नाहीत. आम्ही मराठवाड्यातले. समुद्र साडेतीनशे किलोमीटरहून अधिक दूर. मुंबई-पुण्याच्या दुकानातून जे येते तेच घालावे लागते.’ या उत्तरातील प्रत्येक वाक्य तपासून पाहण्याजोगे आहे; कारण अंबाजोगाईइतके हे उत्तर खोटे पाडणारे गाव सहसा सापडणार नाही.

१५/
समुद्र दूर आहे, पण संबंध दूर नाही. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातील असंख्य घराण्यांची कुलदेवता आहे. किनाऱ्यावरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या घाट चढून याच गावात येत राहिली. यादव सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे नाव धारण करणारे मंदिर याच गावात उभे आहे. त्याच यादवांनी पुढे महादेवाच्या काळात शिलाहार सोमेश्वराशी समुद्रावर युद्ध केले आणि बोरिवलीजवळच्या एक्सर येथील नौकायुद्धाचे वीरगळ अनेक अभ्यासक त्याच युद्धाशी जोडतात. मराठवाड्याला दर्या परका नव्हता.

१६/
आणि कापड? अंबाजोगाई हे संतकवी दासोपंतांचे (१५५१–१६१५) गाव आहे. त्यांनी ‘पंचीकरण’ हा विषय कागदावर न लिहिता एका पासोडीवर लिहिला. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद असे ते सुती कापड, त्यावर ओव्या आणि आकृत्या. ती पासोडी याच गावात जतन झाली. वाङ्मयाचे अभ्यासक तिच्यावरील ओव्या वाचतात, ते योग्यच आहे. पण पोशाख घडवू पाहणाऱ्याने तिच्याकडे कापड म्हणूनही पाहावे : चार शतकांपूर्वीचे, हाताने कातलेले, हाताने विणलेले दख्खनी सुती कापड.

१७/
‘अस्सल काही मिळत नाही’ असे म्हणणाऱ्या गावाच्या मध्यभागी कान्होजींच्या जन्माहूनही जुने कापड आहे. ते अंगावर घालायचे नाही, त्याला हातही लावायचा नाही; ते पाहून शिकायचे आहे. पोत कसा असतो, हातविणीत धागा कसा जाड-बारीक होतो, कोऱ्या सुताचा रंग पांढराशुभ्र नसून किंचित पिवळसर कसा असतो, हे शिकायला परदेशी संग्रहालयाची वाट धरावी लागत नाही.

१८/
आता प्रत्यक्ष कृतीकडे. पहिला नियम कापडाचा. कान्होजींच्या काळी भारतातील प्रत्येक सुती कापड हातकताईचे आणि हातमागाचेच होते. सूतगिरणी जन्मालाच आली नव्हती. म्हणून आज खादी भांडारात मिळणारी साधी, न रंगवलेली जाड खादी हे त्या काळाच्या सर्वांत जवळचे कापड ठरते. ती मिळवण्यासाठी मराठवाड्याबाहेर जाण्याचीही गरज नाही. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तर राष्ट्रध्वजाचे कापड तयार करते. रंग हवाच असेल तर नीळ, मंजिष्ठा, हिरडा आणि लोहाचा काळा. चमकणारा जांभळा आणि झगझगीत केशरी नको.

१९/
दुसरा नियम शिवणीचा. तयार टोप, चेन, इलॅस्टिक, चिकटपट्टी ही चारही बाद. अंगरखा आणि जामा बंदांनी बांधले जात. बंद कोणत्या बाजूला आहेत हेही समकालीन चित्रांत पाहावे, कारण त्यालाही त्या काळी अर्थ होता. पागोटे हे डोक्यावर गुंडाळायचे लांब कापड आहे, विकत आणून घालायची टोपी नव्हे. ते बांधायला तासभर शिकावे लागते. तो तासभर म्हणजेच इतिहासाचा अभ्यास. आतली शिवण यंत्रावर घातली तर कोणाचे बिघडत नाही, पण दिसणारा काठ हाताने दुमडावा.

२०/
तिसरा नियम चित्राचा. शिवछत्रपतींची सतराव्या शतकातील चित्रे ॲम्स्टरडॅम, लंडन आणि पॅरिस येथील संग्रहांत आहेत आणि त्यांतील अनेक आज घरबसल्या पाहता येतात. त्यांत दिसते ते डोक्यालगत बांधलेले पागोटे, तुरा, जामा, कमरेचा पटका आणि हातात शस्त्र. सिनेमातला उंच मखमली टोप दिसत नाही. एखादा तपशील समकालीन चित्रात, वस्तूत किंवा कागदात सापडत नसेल तर तो गाळावा. रिकामी जागा ही चूक नसते. खोटी भर ही चूक असते.

२१/
चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा : पोशाख कोणाचा? मिरवणुकीत सगळेच सरदार असतात. एक छत्रपती, एक कान्होजी, दहा मावळे, आणि तेही सारे सॅटिनमध्ये. वल्ही कोणी मारायची? आंग्र्यांच्या गलबतावर चाळीस-पन्नास वल्ही असत. गुराबांवर गोलंदाज आणि शिडे सांभाळणारे खलाशी होते. कोळी, भंडारी, गाबीत, मुसलमान दर्यावर्दी यांच्या बाहुबळावर ते आरमार तरंगत होते. शिवकाळातील आरमाराच्या प्रमुखांत दौलतखान आणि दर्यासारंग ही नावे येतात. देखाव्यातून ही माणसे नाहीशी होतात, कारण त्यांच्या अंगावर चमकणारे काही नव्हते.

२२/
खलाशाचा वेश सर्वांत सोपा आणि सर्वांत खरा आहे : कास मारून गुडघ्यापर्यंत आवळलेले जाडे धोतर किंवा लंगोट, डोक्याला गुंडाळलेला रुमाल, उघडे अंग किंवा बिनबाह्यांची बंडी, अनवाणी पाय. पावसाळी पहाऱ्यासाठी खांद्यावर घोंगडी. एवढ्याला भाड्याचे दुकान लागत नाही. आजोबांची पेटी आणि गावचा शिंपी पुरतो. ज्या मुलाकडे भाड्याच्या पोशाखाचे पैसे नाहीत, तो या नियमाने मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत येतो. इतिहासाचा आग्रह धरला की देखावा महाग होतो, ही समजूत येथेच कोसळते.

२३/
शस्त्रांविषयी दोन शब्द. मराठ्यांची धोप वा फिरंग म्हणजे बऱ्याचदा युरोपीय पाते आणि देशी मूठ. म्हणजे ‘परदेशी ते सारे अनैतिहासिक’ हाही भ्रमच. परंतु अस्सलपणाच्या नावाखाली खरी पाती मिरवू नयेत. शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब पात्याची धारदार हत्यारे शस्त्रांच्या वर्गवारीत येतात आणि मिरवणुकीत शस्त्र बाळगण्यावर पोलिसांची बंदीही असू शकते. सुताराकडून योग्य वक्रतेचे लाकडी पाते करून घ्यावे. ढाल चामड्याची, चार फुल्यांची असावी. सोनेरी कागदाच्या तलवारीपेक्षा नीट घडवलेले लाकूड अधिक सत्य सांगते.

२४/
शेवटचा आक्षेप उरतो : ‘मुलांचा कार्यक्रम आहे, एवढे कशाला?’ मुलांचा आहे म्हणूनच. पाठ्यपुस्तकातील परिच्छेद परीक्षेनंतर विसरला जातो. दहाव्या वर्षी अंगावर चढवलेला पोशाख विसरला जात नाही. ज्या मुलाने काळी पट्टी लावून ‘मी कान्होजी’ म्हटले, त्याच्या मनात कान्होजी आयुष्यभर लुटारूच राहतो. फार तर ‘आपला’ लुटारू. स्वतंत्र भारताच्या नौदलाने मुंबईतील आपल्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव दिले. देशाच्या आरमाराला जे कळले, ते गावच्या संमेलनाला कळायला हरकत नाही.

२५/
तेव्हा पुढच्या मिरवणुकीआधी एवढेच घडावे. भाड्याच्या दुकानाऐवजी आधी चित्रांकडे, मग खादी भांडाराकडे, मग शिंप्याकडे जावे. काळा झेंडा उतरवावा. ‘पायरेट’ हा शब्द खोडून ‘सरखेल’ हा शब्द लिहावा. आणि एका कान्होजीमागे निदान दहा वल्हेकरी उभे करावेत, अनवाणी, जाड्या सुतात. कंपनीच्या लेखणीने लिहिलेला निकाल तीनशे वर्षांनी फिरवायला न्यायालय लागत नाही. काही वार खादी, एक सुई आणि थोडी लाज एवढे पुरेसे आहे.